लोकेशन बरोबरच होतं

आम्ही जामखेडहून निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि चहाच्या वेळेला पोचतो असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कुणी विचारलं पण नव्हतं, मीच सांगत सुटले होते. दादाची हळद नुकतीच झाली होती, अंगणात सगळीकडे पिवळं पाणी, माझे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि मी गाडीची चावी बोटात फिरवत उभी.

आता नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते आणि ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे. तरी सांगतेय, कारण पुढचं सगळं त्या एका वाटीवर आहे. पितळेची छोटीशी वाटी, वर आंब्याची पानं, त्यावर नवा रुमाल बांधलेला. आमच्या आत्याचा नियम असा की वाटी आपल्या घरातून उचलली की थेट नवरीच्या चौरंगापाशीच टेकवायची, मधे कुठं खाली ठेवायची नाही. म्हणून आत्या पुढच्या सीटवर, वाटी दोन्ही हातांत धरून. सीटबेल्ट मी लावून दिला. मागे काकू, आणि काकूच्या शेजारी हळदीची साडी, फळांची परडी, हिरव्या बांगड्यांचा डबा. हळद न्यायला दोन सवाष्णी लागतात, त्या या दोघी. मी ड्रायव्हर. पप्पा म्हणत होते की गावातला एखादा पोरगा देतो गाडीवर, पण मी पुण्यात रोज ऑफिसला गाडी घेऊन जाते, मी म्हटलं मॅप लावला की झालं, त्यात काय.

आणि एक गोष्ट होती. वहिनीच्या, म्हणजे दादाच्या होणाऱ्या बायकोच्या, मोठ्या बहिणीचं लग्न आधी एका ठिकाणी ठरलं होतं. मांडव पडला, पाहुणे आले, ती चौरंगावर बसली आणि नवरदेवाकडची हळद आलीच नाही. मुलाकडचे कशावरून तरी रुसले होते म्हणे. दिवस मावळला, दिवे लागले, मग फोन आला की येत नाही. त्या बहिणीचं पुढं चांगलं झालं, आता दोन लेकरं आहेत तिला, पण त्यांच्या आईच्या मनातून ती संध्याकाळ गेली नाही. आमच्याशी बोलणी झाली तेव्हा त्या माउलीनं मानपानाचं काही मागितलं नाही. एकच म्हणाली, दिवस मावळायच्या आत हळद येऊ द्या. हे दादानं मला निघताना गाडीच्या खिडकीत वाकून परत एकदा सांगितलं, तोंडभर हळद, फक्त डोळे पांढरे. मी म्हटलं, अरे हो.

नगरपर्यंत काहीच अडचण नव्हती. मॅपमधली बाई मराठीत बोलत होती आणि आत्या तिला उत्तरं देत होती. बाई म्हणाली की सरळ जात राहा, की आत्या म्हणणार, "जातो बाई." आत्याला त्या बाईचं भारी कौतुक. आमच्याकडे कुणालाही रस्ता विचारा, "हे काय, हितंच, पुढं" असं म्हणून हात करतात, आणि ते पुढं दोन गावं ओलांडून निघतं. आत्या आयुष्यभर त्या हातांमागं एसटीतनं उतरून चाललीय. "ही कशी आकडा सांगती," ती काकूला म्हणाली. "गड्यांवानी उगं हवेत हात न्हाई करीत."

काकू म्हणाली, "आन् चुकली तर?"

"चुकत न्हाई ती. तिला वरून दिसतं."

मी हसले. पण खरं तर माझंही तेच मत होतं, फक्त मी ते इंग्रजी शब्दांत सांगितलं असतं.

नगरच्या पुढं मात्र गाड्या साचायला लागल्या. उसाचा सीझन, कारखाने चालू, डबल ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ताभर. एक ओलांडला की पुढं दुसरा, आणि प्रत्येकावर गाण्यांचा टेप इतक्या मोठ्यानं की बाईचा आवाज ऐकू येईना. मी स्क्रीनकडे बघत होते. पोचण्याची वेळ मघाशी होती त्यापेक्षा पुढं सरकली. परत सरकली. मला असं झालं की कुणीतरी खेळ मांडलाय माझ्याशी, मी एक किलोमीटर जाते आणि ते दोन मिनिटं वाढवतात. स्टेअरिंगवर माझी बोटं वाजत होती. काकूनं मागून विचारलं की ऊन उतरलं का गं. मी म्हटलं नाही. उतरलं होतं.

राहुरीजवळ सगळंच थांबलं. पुढं ट्रॉली पलटी झालीय, एक मोटारसायकलवाला सांगत गेला. स्क्रीनवर आमच्या पुढची रेघ लाल, गडद लाल. आणि तेवढ्यात बाई बोलली, वेगळा रस्ता आहे, वेळ वाचेल. डावीकडे एक हिरवट राखाडी बारीक रेघ निघाली होती, मोकळी, आणि थेट लग्नघराच्या टिंबापर्यंत.

आता इथं कुणाला तरी फोन करायला हवा होता, बरोबर? पण मला सुचलंच नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच त्या घरचा रस्ता सांगितलेला नव्हता. पूर्वी पत्ता सांगायचे. फॅक्टरीच्या पुढं या, मग चिंच दिसेल, चिंचेपासून आत. आता वहिनीच्या चुलतभावानं लोकेशन टाकलं होतं, मी अंगठ्याचं चित्र टाकलं होतं, विषय संपला. त्यांचं घर गावात पण नाही, देवळाली प्रवराच्या अलीकडं शेतातली वस्ती. मांडव शेतात. लोकेशन अगदी बरोबर मांडवाच्या मधोमध टाकलेलं होतं, हे मी आजही सांगते.

मी डावीकडे वळले. आमच्या मागं एक पांढरी गाडी पण वळली, मला तेवढ्यावरच धीर आला. ती पहिल्याच वस्तीवर घराच्या दारात जाऊन थांबली.

थोडा वेळ डांबर होतं, मग खडी, मग एक चढ आणि आम्ही एकदम पाटाच्या भरावावर. पाट म्हणजे कालवा, पण आम्ही काठोकाठ भरलेला पाट कधी बघितलाच नव्हता. आमच्याकडे जामखेडला मार्च लागला की टँकरची वाट बघायची. इथं धरणातून आवर्तन सुटलेलं, पाणी नुसतं धावत होतं, माझ्या खिडकीच्या बाजूला, हात बाहेर काढला तर खाली पाणीच. दुसऱ्या बाजूला ऊस, गाडीपेक्षा उंच.

आत्यानं गाडी थांबवायला लावली.

मी म्हटलं आत्या, वेळ नाही. आत्या म्हणाली की एवढं पाणी आडवं आलंय आणि आपण मंगलकार्याला चाललोय, तसंच कसं जायचं. तिचे हात वाटीत अडकलेले, म्हणून काकूला खाली उतरवलं. काकूनं काठावर बसून पिशवीतल्या करंड्यातलं हळदीकुंकू पाण्याला वाहिलं, मग एक केळं पण सोडलं, मग पाण्याकडे बघतच बसली. आत्या खिडकीतून सूचना देतेय. मी गाडीत बसून अक्षरशः पाय हलवतेय. सूर्य उसाच्या तुऱ्यांपर्यंत आला होता. इथलं कुणी असतं तर पाटाला वळून पण बघितलं नसतं. आमच्याच घरची माणसं पाण्यासाठी थांबणार.

काकू बसली, निघालो. रस्ता बारीक होत गेला. आधी दोन चाकोऱ्या होत्या, मग मधलं गवत उंच झालं आणि खालून गाडीला घासायला लागलं. परत फिरायचं म्हटलं तरी जागा नव्हती. मला ते समजत होतं, पण स्क्रीनवर टिंब इतकं जवळ आलं होतं ना, की मी पुढंच जात होते. आणि आता हलगी पण ऐकू यायला लागली. मग सनई. उसाच्या वरून येत होती, पाटाच्या पलीकडून.

"आलोच की," आत्या म्हणाली.

बाई म्हणाली, उजवीकडे वळा.

उजवीकडे पाटावर एक स्लॅब होता. पाणी अडवायचं गेट असतं ना, त्याच्या वरचा. मी वळवली. मी खरंच वळवली, सांगते तुम्हाला, बाईनं सांगितलं आणि माझे हात फिरले, मधे मी कुठंच नव्हते. पुढची दोन्ही चाकं स्लॅबवर चढली तेव्हा मला पुढचं दिसलं. अर्ध्यापासून पुढं स्लॅबची एक कड तुटलेली, लोखंडी गज बाहेर आलेले, आणि उरलेली रुंदी एका माणसापुरती. कठडा एकाच बाजूला.

काकू मागून हळू आवाजात म्हणाली, "थांब."

मी ब्रेकवर उभीच राहिले. खाली गेटमधून पाणी कोसळत होतं, त्याचा आवाज गाडीच्या पत्र्यातून पायात येत होता. माझं दार उघडलं तर खाली पाणी. आत्याचं दार उघडलं तरी पाणी. आत्यानं आपल्या खिडकीतून खाली बघितलं, मग समोर बघितलं, आणि वाटी छातीशी धरली. माझी आत्या गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

बाई परत म्हणाली, सरळ जा.

मी रिव्हर्स टाकला. मागची चाकं काळ्या मातीत होती आणि पाटाच्या पाझरानं ती माती ओली. चाकं फिरली, गाडी मागं यायच्या ऐवजी कडेला सरकली. थोडीच. पण मी जागीच गार पडले. काकू मागच्या दारानं उतरली, तिची बाजू जमिनीवर होती. तिनं फळांची परडी ओतून दिली, ती रिकामी परडी आणि दोन दगड चाकामागं कोंबले आणि म्हणाली, आता दे, पण हळू. मी हळू दिला. परडीचा कडकड आवाज झाला आणि गाडी मागं आली, भरावावर, वाकडीतिकडी, पण जमिनीवर. मी हँडब्रेक ओढला. मग परत ओढला. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

आत्या म्हणाली, "बाईला बंद कर."

मी फोन काढला तर रेंज नाही. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं, ते टिंब पाण्यापलीकडं, नखाएवढ्या अंतरावर. सनई चालू होती. मधेच सनई थांबली आणि तेव्हा मला खरी भीती वाटली, चाकं सरकली त्याच्यापेक्षा जास्त. म्हणजे तिकडं काय चाललं असेल? चौरंगावर वहिनी बसली असेल, तिची आई मांडवाच्या तोंडाशी उभी असेल, बायका कुजबुजत असतील की याही पोरीचं तसंच होतंय का. आणि आम्ही इथं, सनई ऐकू येईल एवढ्या अंतरावर, चिखलात. ऊन आता फक्त उसाच्या तुऱ्यांना होतं, खाली सावली.

मी फोन वर धरून भरावावर इकडून तिकडं पळत होते तेव्हा तो वाजला. वहिनीच होती. मागं खूप आवाज, आणि ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती, जणू पदर तोंडावर घेऊन.

"ताई, तुमी येताय ना?"

येतोय म्हणून मी सांगितलं, पण आवाज असा निघाला की तिला खरं वाटलं नसणार. मग एका दमात सगळं सांगितलं, पाट, स्लॅब, तुटलेली कड. तिनं लगेच विचारलं, "गेटापाशी हाय का? उजव्या हाताला गजाचा कठडा?" मी हो म्हटलं. ती म्हणाली की त्यावरनं आम्ही शाळेत जायचो, कठड्याला धरून एकेक जण, गाडी नाही जात, गाडी कधीच जात नव्हती. "गाडी तिथंच ठिवा. पलीकडं उसात पाऊलवाट हाय, ती सरळ आमच्या गोठ्यापाशी निघती. मी आईला पाठिवते." आणि मग थांबून म्हणाली, "ताई, लवकर या. आई काय बोलंना झालीय."

आता प्रश्न होता आत्याचा. वाटी सवाष्णीनंच न्यायची. काकूचा पाय चाकामागं दगड लावताना मुरगळला होता, तिला धड उभं राहता येईना. मी तर बिनलग्नाची, आत्या माझ्या हातात वाटी देईना. म्हटलं आत्या, आता कसले नियम. ती म्हणाली की नियम त्या पोरीच्या आईसाठी हाय, माझ्यासाठी न्हाई. सगळं नीट झालं हे तिला दिसलं पाहिजे.

म्हणून आत्या निघाली. कठडा धरायला हात नाहीत, दोन्ही हातांत वाटी. मी पुढं झाले, तिच्याकडे तोंड करून, मागं मागं चालत. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं तिचं कोपर. जिच्या अंगणात उन्हाळाभर नळाला थेंब येत नाही ती बाई पायाखाली एवढं पाणी घेऊन चालत होती. तिनं डोळे मिटले.

मी म्हटलं, "आत्या, डोळे उघड."

"उघडले तर पडंन. तू सांग कुठं पाय ठिवू."

मग मी सांगत गेले. डावा थोडा पुढं. आता उजवा. इथं गज आहे, उचलून टाक. थांब. आता ये. माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पाण्यामुळे, मी ओरडूनच सांगत असणार. तुटलेल्या कडेपाशी तिचा पाय अर्धा बाहेर पडला आणि तिनं वाटी खाली येऊ दिली नाही, नुसती वर उचलली, डोक्याच्या वर, जणू पाणी गळ्यापर्यंत आलंय. मी तिचं कोपर सोडून तिच्या कमरेला मिठी मारली. आम्ही तशाच उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, चल.

पलीकडं माती लागली तेव्हा आत्या बसली नाही, कारण वाटी. उभ्यानंच श्वास घेतला. आणि उसातून वहिनीची आई आली. धावत आली होती, पदर सुटलेला, उसाच्या पात्यांनी हातावर ओरखडे उठलेले. तिच्या मागं दोन बायका. ती आत्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्याकडे पण नाही, ती वाटीकडे बघत होती. मग तिनं रुमालावरनं हात फिरवला, आत हळद आहे ना हे बघितल्यासारखा.

"आल्या तुमी," ती म्हणाली. एवढंच. आणि पाऊलवाटेवर मटकन बसली.

तिच्या मागच्या बाईनं मात्र संधी सोडली नाही. म्हणाली, आम्ही मोठ्या रस्त्याला डोळे लावून बसलो, वाजंत्री रस्त्यावर उभे केले, आणि तुम्ही उसातून निघाल्या, कोल्ह्यासारख्या. आत्या तोंडातल्या तोंडात म्हणाली की कोल्हं तरी वाट चुकत नाही. मग सगळ्या हसल्या, आई पण हसली, रडत होती तरी, आणि आम्ही निघालो. उसाची पानं दोन्ही बाजूंनी तोंडावर, पायात सरीचे खळगे, समोर मांडवाचा पडदा. सनई परत सुरू झाली होती.

ऊन मांडवाच्या फक्त एका खांबावर उरलं होतं. वहिनी चौरंगावर बसलेली, पाठ एकदम ताठ, हात मांडीवर. आत्यानं वाटी टेकवली आणि मग तिची बोटं उघडेनात. इतका वेळ धरून धरून आखडली होती. वहिनीच्या आईनं एकेक बोट सोडवलं. मग तिनंच पहिली हळद लावली, वहिनीच्या कपाळाला, मग गालाला, आणि हात तसाच गालावर ठेवून उभी राहिली. मागं बायका गाणं म्हणायला लागल्या तरी हात काढेना. शेवटी वहिनी म्हणाली, आई, लागली.

काकूला त्या घरच्यांनी मोटारसायकलवर लांबून फिरवून आणलं. गाडी वहिनीच्या चुलत्यानं काढली, मला चावी पण नाही मागितली, नुसता हात पुढं केला. अख्खा भराव रिव्हर्समध्ये, म्हणे एका आरशात बघून. परत आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पुण्यात पाट असतो का.

हे सगळं झाल्यावर शांत वाटायला हवं होतं. नाही वाटलं. चहा घेताना एकदम माझ्या लक्षात आलं की उद्या सकाळी वऱ्हाड येणार. एक बस, तीन गाड्या, दादा पुढच्या गाडीत. आणि त्या सगळ्यांना ते लोकेशन मीच पाठवलं होतं, ग्रुपवर, वर लिहून की हेच टाका, एकदम बरोबर आहे. मी कप खाली ठेवला आणि ग्रुपवर टाईप करायला लागले, इतक्या घाईत की अक्षरं चुकत होती, की लोकेशन लावू नका. पप्पांनी विचारलं मग काय लावू. दादाच्या मित्रानं हसणारं चित्र टाकलं. कुणीतरी लिहिलं, रस्ता सांग मग. आणि मला सांगताच येईना, कारण मी त्या घरात बसले होते तरी त्या घराचा रस्ता मला माहीत नव्हता.

मी फोन घेऊन वहिनीकडे गेले. तिला कुणी उठू देत नव्हतं, अंगभर हळद ओली. मी दादाला फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. खरं म्हणजे त्या दिवशी त्या दोघांनी बोलायचं नसतं, पण तिच्या आईनंच मान हलवली, बोल म्हणून.

वहिनी बोलायला लागली. लाडानं नाही, काही नाही, एकदम शाळेतल्या बाईसारखं. फॅक्टरीच्या पुढं या. पेट्रोल पंप सोडा. ट्रॅफिक असलं तर थांबा, किती पण असू द्या, आत वळू नका. पांढऱ्या कमानीतून आत. मग पाट लागंल, त्याच्यावरचा पूल मोठा हाय, बस जाती. बोलताना तिचे पिवळे हात हवेत डावी-उजवी वळणं घेत होते आणि हळदीचे थेंब माझ्या मनगटावर पडत होते.

सांगून झालं. दादा हो हो म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, "हो नका म्हणू. आता तुमी सांगा मला. पहिल्यापासून."